वजनाची वर्गणी

परवा सकाळी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. खात्यातून परत पैसे कापले गेले होते. कशाचे, ते मला पक्कं ठाऊक होतं आणि घरात बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा पुण्याच्या लेकीने मोबाइलवरच्या एका डाएट कार्यक्रमाची तीन महिन्यांची वर्गणी भरून दिली. पुढची मी भरत राहिले. पहिल्या चार महिन्यांत सहा किलो उतरले, नंतरच्या वर्षात त्यातले चार परत आले. वर्गणी मात्र चालूच होती. ती बंद करणं म्हणजे हरल्याच्या कागदावर सही करणं, असं मला वाटायचं.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. एखादी गोष्ट छळायला लागली की ती सुरू कुठून झाली हे शोधायची खोड तेव्हापासूनची. म्हणून या वर्गणीचा माग काढत गेले, तर थेट लंडनमधल्या एका अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याच्या दारात जाऊन पोचले.

त्याचं नाव विल्यम बँटिंग. घराणं मोठं, राजघराण्यातल्या माणसांच्या शवपेट्या करणारं. पण साठी ओलांडल्यावर या गृहस्थाला वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उतरताना उलटं, पाठमोरं उतरावं लागे. १८६२ साली ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी कानाऐवजी ताटाकडे बोट दाखवलं. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला लावले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो उतरले. हरखून जाऊन त्याने १८६३ मध्ये आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला आणि आधी तर ती फुकट वाटली. ती इतकी गाजली की इंग्रजीत डाएट करण्याला 'बँटिंग करणं' म्हणू लागले. स्वीडिश भाषेत तर आजही डाएट करण्याला 'बांता' हेच क्रियापद आहे. त्याच्या ताटातलं मांसमच्छी आणि मद्य आपल्या कामाचं नाही, ते सोडून देऊ. मला भावलं ते एवढंच की माणसाला काहीतरी सापडलं आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

पुढे मोजमाप आलं. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माणसाला एका बंद खोलीत ठेवून तो किती खातो आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते याचा हिशोब मांडला. पदार्थांच्या कॅलरी लिहिलेले तक्ते घडले ते याच कामातून. ते विद्यापीठातून स्वयंपाकघरात आणले लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी. त्यांचं पुस्तक १९१८ सालचं, महायुद्धाच्या ऐन धामधुमीतलं. भाकरीचा तुकडा म्हणू नका, इतक्या कॅलरीची भाकरी म्हणा, अशा धर्तीची त्यांची शिकवण. त्या स्वतः जाड होत्या, त्यामुळे पुस्तक हसतखेळत लिहिलेलं. १९२४ आणि १९२५ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत ते होतं. त्यातली एक सूचना मला फार आवडली: बायकांनी आठवड्याला एकत्र जमावं, वजन करावं आणि ज्यांचं उतरणार नाही त्यांनी दंड भरावा, तो रेडक्रॉसला द्यावा. मोजणं आणि जमणं या दोन गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या होत्या. जगाने पहिली उचलली.

आपल्याकडे तेव्हा काळजी वेगळी होती. कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हललेली पोषण संस्था शोधत होती ते माणसाला पुरेसं कसं मिळेल याचं उत्तर. तिच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी लिहिल्या आहेत, त्या उपाशी माणसाचं पोट भरावं म्हणून. माझ्या लहानपणी मिरज जंक्शनवर लाल-पिवळ्या दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की खट्टकन जाड कार्ड बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आई भविष्य आधी वाचायची. वजन वाढलेलं दिसलं तर माहेरी आजी म्हणायची, "अंग भरलं गं, सुखात आहेस." तोच आकडा आज माझ्या मोबाइलवर लाल रंगात येतो.

या सगळ्या इतिहासात मी जिथे थांबले ती जागा म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एका गृहिणीचं घर. जीन नायडेच, वजन २१४ पौंड. बाजारात एका ओळखीच्या बाईने तिला विचारलं, "कितवा महिना?" आणि ती गरोदर नव्हती. १९६१ साली ती शहराच्या आरोग्यखात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली. तिथे डॉ. नॉर्मन जॉलिफ यांचा आहार मिळाला, वजनही उतरू लागलं. पण घरी ती चोरून बिस्किटं खायची, न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत पुडे दडवून. दवाखान्यातल्या कडक बाईंपुढे हे सांगायची तिची छाती झाली नाही. मग तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगून टाकलं. झालं, प्रत्येकीची टोपली बाहेर आली!

सहाच्या बारा झाल्या, बारांच्या चाळीस. १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' नावाची कंपनी उभी राहिली. दर आठवड्याला यायचं, दोन डॉलर भरायचे, वजन करायचं, बोलायचं. वर्गणी जन्मली ती इथे. आहार तर सरकारी दवाखान्यात तिच्या हाती आधीच होता. बायका पैसे देत होत्या ते त्या खोलीचे, तिथल्या खुर्चीचे, खरं बोलायला मिळण्याचे. १९७८ मध्ये हाइन्झ या सॉसवाल्या कंपनीने हा उद्योग सात कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून विकत घेतला. इंटरनेट आल्यावर वर्गणी घरबसल्या भरता येऊ लागली आणि खोलीत जायची गरज उरली नाही. भूक मारणारी इंजेक्शनं आली आणि मे २०२५ मध्ये त्याच कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

माझ्या मोबाइलवरच्या कार्यक्रमालाही सगळंच वाईट म्हणणार नाही. भाजीत किती तेल आणि दाण्याचं कूट पडतं ते मी तीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं. चमच्याने मोजायला लागले आणि चकित झाले. ते शिक्षण पैसे वसूल. पण चातुर्मासात तो मला पालकाचं सूप घ्या म्हणायचा. रात्री आठला हलकं जेवा म्हणायचा. दिवेलागणीआधी जेवणाऱ्या घरात हे कुणाला सांगायचं? मग एकदा सोळा तास न खाण्याचा नवा प्रकार म्हणून जे पाठवलं, ते माझ्या सासूबाई जन्मभर करत होत्या. आपल्याकडे बारा तपांत अवमौदर्य आहे. पुरुषाचा आहार ३२ घास, स्त्रीचा २८, त्यातून कमी करत जायचं. तिथेही मोजणं आहेच. पण ते इंद्रियांना आवर घालण्यासाठी, कंबरेसाठी नव्हे. हा फरक मी कधीकधी सोयीने विसरले आणि उपवासाचे किलो मोजले, हेही कबूल करते.

खरी गोम दुसरीच. पुतण्याच्या लग्नात मी कुंदा खाल्ला, दोनदा, आणि मोबाइलवर लिहिली काकडी. त्याने लगेच शाबासकीचं चिन्ह पाठवलं. त्या दिवसापासून कार्यक्रमातला माझा राम गेला. डॉक्टरांशी खोटं बोलताना जीभ अडखळते, इथे अडखळायला समोर माणूसच नव्हता. माझी टोपली मोबाइलमध्येच होती, आणि मी तिचं दरमहा भाडं भरत होते.

बँकेचा मेसेज आला त्या दुपारी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून शेंगा निवडायला खाली आली. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. कुंदा, काकडी, कापले गेलेले पैसे. ती हसेल असं वाटलं होतं. ती शेंगा बाजूला सारून म्हणाली, "अक्का, माझंही चालू आहे की. दिवाळीपासून. तुम्ही काय म्हणाल म्हणून बोलले नाही." तिने मोबाइल दाखवला. तोच कार्यक्रम, तोच लाल आकडा. एका घरात, एका जिन्याच्या वर आणि खाली, दोघी बायका वेगवेगळी वर्गणी भरून एकाच लाजेत बसलो होतो.

संध्याकाळी दोन्ही बंद केल्या. बंद करायची जागा शोधायला तिच्या मुलाला वीस मिनिटं लागली. सुरू करायला मला दोन लागली होती.

आता रविवारी सकाळी मंदिरातून आल्यावर दोघी काट्यावर उभ्या राहतो आणि आठवड्याचं खरं खरं सांगतो. तेलाचा चमचा तसाच चालू आहे. तीन महिन्यांनी साखर तपासायची आहे. गेल्या रविवारी माझं वजन पाव किलोने वाढलेलं निघालं. "मांडे?" तिने विचारलं. "दीड," मी म्हटलं.