छोट्या पडद्यावरील आरोपी

दूरदर्शनच्या एकाधिकाराच्या काळात दंगलीच्या बातमीत समाजाचे नाव न घेता 'दोन गट' म्हणण्याचा संकेत होता. त्याने पुष्कळ सत्य झाकले जाई, हे खरेच. परंतु नाव उच्चारल्याने काय घडू शकते, याची जाण त्यामागे होती. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, चोवीस तास बातम्या सुरू झाल्या, आणि ती जाण क्षीण होत गेली.

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातीचे लोक एकत्र आले होते. त्यांपैकी काहींना करोनाची लागण झाल्याचे उघड होताच अनेक वाहिन्यांनी रोगालाच धर्म चिकटवला. 'करोना जिहाद' हा शब्द घरोघर पोहोचला. आम्ही उमरेडकरही तेव्हा दारे लावून पडद्यासमोर बसलो होतो. कोळशाच्या खाणीमुळे नाना प्रांतांची माणसे पाहिलेले हे गाव. पण शेजाऱ्याची भेटच बंद झाल्यावर त्याची ओळख पडदा करून देऊ लागला. पूर्वग्रहाला खरा अटकाव असतो तो प्रत्यक्ष परिचयाचा. नेमका तोच त्या दिवसांत उरला नव्हता.

त्याच एप्रिलच्या १६ तारखेस पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. मुले पळविणाऱ्यांच्या अफवेतून घडलेल्या या भीषण प्रकाराला लगेच धार्मिक रंग चढविण्यात आला; काही चर्चांत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेही बोट दाखविले गेले. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना २२ एप्रिलला जाहीर करावे लागले.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात तबलिगींच्या २९ परदेशी पाहुण्यांवर व काही भारतीयांवर गुन्हे नोंदले गेले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. या परदेशीयांमुळेच रोग पसरला असे चित्र उभे करण्यासाठी वृत्तपत्रे व वाहिन्यांतून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे न्या. नलावडे यांनी नमूद केले. सहकारी न्या. सेवलीकर यांना निकाल मान्य होता, काही निरीक्षणे मात्र नव्हती. आमच्या मते हा मतभेदही वाचकांनी ध्यानात घ्यावा.

दिल्लीत १५ डिसेंबर २०२० रोजी ३६ परदेशी निर्दोष सुटले. ७० भारतीयांवरील १६ गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी रद्द केले, तेव्हा पडद्यावरील आरोपाला पाच वर्षे उलटली होती.