भायखळ्याची चिमणी आणि वस्तीवरचा राउटर



परवाच्या अवकाळीत वीज पडली ती लांब ओढ्याकडच्या बाभळीवर. तरी आमच्या घरातला वायफायचा राउटर, टीव्हीचा बॉक्स आणि ठिबकचा टायमर तिन्ही गेले. वायरमननं पहिलं विचारलं, "दादा, आर्थिंग कुठाय?" बघितलं तर तार जमिनीच्या वीतभर वरच गंजून तुटलेली.

तेव्हा भायखळा आठवला. तरुणपणी माल घेऊन तिथल्या भाजी मंडईत जायचो. गिरणीच्या चिमणीवरून तांब्याची एक पट्टी खाली जमिनीत गेलेली दिसायची. एका हमालाला विचारलं, तर म्हणाला, "विजेला उतरायची वाट आहे ती." तेवढ्यावरच सोडून दिलं. पुढं वाचत गेलो तसं कळलं की हीच गोष्ट मुंबई तीन वेळा शिकली.

पहिली वेळ तारायंत्राची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली, ती भायखळ्यावरूनच. पुढच्या वर्षी मुंबई तारेनं आग्र्यामार्गे कलकत्त्याला जोडली गेली. त्या काळी तारायंत्राला एकच तार असायची, परतीचा प्रवाह जमिनीतून यायचा. पावसाळ्यात वीज तारेवर पडली की यंत्र जळायचं. म्हणून तारऑफिसात दोन धातूच्या पट्ट्या बसवायचे, एक तारेला, एक जमिनीला, मधे अगदी बारीक फट. संदेशाचा बारीक प्रवाह ती फट ओलांडत नसे. आकाशातली वीज मात्र उडी मारून थेट जमिनीत जायची. आज आपण सर्ज प्रोटेक्टर म्हणतो, त्याचा हा पणजोबा.

दुसरी वेळ चिमणीची. बेंजामिन फ्रँकलिननं १७५२ साली आकाशातली वीज आणि यंत्रातली वीज एकच हे दाखवलं, तिथून वीजवाहक पट्टी जगभर गेली. पट्टी विजेला अडवत नाही, वाट देते. खालचं टोक ओल्या मातीत नसेल तर ती नुसती शोभेची.

तिसरी वेळ ट्रामची. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, पुढं भायखळ्यातही खडखडू लागली. वरच्या तारेतून आलेला प्रवाह रुळांतून परत जायचा आणि त्यातला थोडा जमिनीत पाझरायचा. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. ट्राममुळं ती बिघडणार हे ओळखून डॉ. नानाभॉय मूस यांनी १९०४ सालीच अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. ती आजही चालू आहे. जमिनीतली वीज डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळं चुंबकत्वाची मोजणी समुद्रापलीकडं न्यावी लागली!

आपण काय केलं? मोटर आली, इन्व्हर्टर आला, राउटर आला. जमिनीची वाट मात्र विसरलो. तीन पिनांपैकी जाड पिन सॉकेटात बसत नाही म्हणून कापली. मग महागडा प्रोटेक्टर लावला तरी तो जादाचा दाब सोडणार कुठं?

आता मी असं केलंय. कोळसा-मीठ घालून नवा आर्थिंगचा खड्डा केला, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडतो. मेन बोर्डातच सर्ज प्रोटेक्टर बसवला, आर्थिंगची तार शक्य तेवढी आखूड ठेवली. दाब लाईटच्या तारेनं येतो तसा डिशच्या किंवा तांब्याच्या फोन केबलनंही येतो, ते विसरू नका. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरचा प्लग बोर्डातच असतो. म्हणून ढग भरले की गडगडाट जवळ यायच्या आधीच प्लग आणि केबल दोन्ही काढतो. एकदा कडकडायला लागलं की कशालाच हात लावत नाही, कारण थेट घरावर वीज पडली तर कुठलंच यंत्र हमी देत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप मोबाईलवर ठेवलंय, जवळ वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. ते वाजलं की आधी माणसं-जनावरं आत, झाडाखाली कुणी नाही. राउटर पुन्हा मिळेल.

पावसाआधी बांध बघता, चर काढता. तसं एकदा आर्थिंगच्या तारेचं टोक बघा. पाण्याला वाट दिली नाही तर ते बांध फोडतं, विजेचंही तसंच आहे.