डीकंप्रेशन सिकनेस : उंचावरील वैमानिकांचा बचाव

भोवतालचा हवेचा दाब झपाट्याने घटल्यावर रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन उद्भवणारा विकार. सांधे ठणकतात, ते ‘बेंड्स’. धाप, छातीतील कळ, धूसर दृष्टी किंवा लुळेपणा ही त्याची गंभीर रूपे.

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच आहे. तिथला दाब किनाऱ्यापेक्षा जेमतेम 6 टक्के कमी; शरीराला ते जाणवतही नाही. 18,000 फुटांवर मात्र दाब निम्म्यावर येतो. धोका साधारण तिथून सुरू होतो आणि 25,000 फुटांपुढे बराच वाढतो.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दाबयुक्त कक्ष. 26 नोव्हेंबर 2005 रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया वयाच्या 67 व्या वर्षी मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून सुमारे 21 किलोमीटर उंच गेले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील पांचाळे येथे उतरले. त्या उंचीवर दाब समुद्रसपाटीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. उघड्या टोपलीतून तिथे जाणे म्हणजे मरणच, म्हणून त्यांची कुपी बंदिस्त आणि दाबयुक्त होती. जवळपास तेवढ्याच उंचीवर उडणाऱ्या अमेरिकी यू-2 विमानांच्या वैमानिकांना मात्र हा विकार वर्षानुवर्षे छळत राहिला, कारण कक्षात दाब असूनही तो सुमारे 29,000 फुटांवरच्या हवेइतकाच होता. पुढे सुधारणा करून तो 15,000 फुटांच्या पातळीवर आणला गेला. प्रवासी विमानात ही पातळी सहसा 8,000 फुटांपलीकडे जात नाही.

दुसरा उपाय उड्डाणाआधीचा. यू-2 चे वैमानिक सुमारे तासभर शुद्ध ऑक्सिजन घेतात. श्वासागणिक नायट्रोजन बाहेर पडत जातो. मध्येच मास्क काढून साध्या हवेत श्वास घेतला, तर कमावलेले बरेचसे वाया जाते. वर गेल्यावर मास्क चढवला की झाले, हा समज चुकीचा आहे. त्याने प्राणवायूची उणीव भरते, आधीच साठलेला नायट्रोजन लगेच जात नाही. उंचावर अंगमेहनत केल्यानेही धोका वाढतो.

तारकर्लीला स्कूबा करून लगेच उड्डाण करणेही धोक्याचे. टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागलेल्या बुडीनंतर किमान 24 तास उडू नये, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला आहे.

लक्षणे दिसताच खाली उतरावे, शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा आणि गरजेनुसार रुग्णाला उच्चदाब कक्षात न्यावे. उतरताना दुखणे थांबले तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये, कारण लक्षणे काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात.