डेलियाचे बीज

मेक्सिकोच्या उंच, थंड पठारावर जन्मलेल्या डेलियाच्या इतिहासात कंदाचा जितका गौरव झाला तितका बीजाचा कधी झाला नाही, आणि तो अन्याय आहे असे मला वाटते. कारण कंद हा वडिलोपार्जित मिळकत वर्षानुवर्षे जशीच्या तशी राखणाऱ्या दप्तरदारासारखा असला, तरी या फुलाच्या रूपात आजवर जे जे नवे अवतरले ते बहुतांशी बीजाच्या पोटी.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या हुकमावरून राजवैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ हा १५७१ ते १५७७ या काळात त्या मुलखात फिरला आणि तेथील रहिवाशांना परिचित असलेल्या असंख्य वनस्पतींबरोबर त्याने डेलियाचीही नोंद घेतली. परंतु ही विद्या सुमारे दोन शतके केवळ कागदावर राहिली, आणि त्याची मूळ हस्तलिखिते तर १६७१ च्या एस्कोरियल राजवाड्यातील आगीत भस्मसात झाली. १७८९ च्या सुमारास मेक्सिकोतील वनस्पतिउद्यानाचा प्रमुख व्हिसेंते सर्व्हांतेस याने माद्रिदच्या राजोद्यानाकडे बी रवाना केले, तेव्हा कोठे या वनस्पतीने युरोपच्या मातीत डोळे उघडले. १७९१ मध्ये कावानिल्येस या धर्मोपदेशक पंडिताने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून लिनिअसचा शिष्य आंदेर्स डाल, जो नुकताच निवर्तला होता, त्याच्या स्मरणार्थ तिचे नामकरण केले.

पुढचा प्रवासही बियांच्याच पुडक्यांतून झाला. इंग्लंडात आधी आणलेली झाडे मरून गेल्यावर १८०४ साली लेडी हॉलंड हिने माद्रिदहून बी पाठविले आणि लंडनच्या हॉलंड हाऊसमध्ये तिच्या ग्रंथपालाने ते जिवापाड जपून वाढविले. त्याच सुमारास जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने मेक्सिकोत गोळा केलेले बी पॅरिस आणि बर्लिन येथे पोचले. प्रारंभी कंदापासून अन्न मिळेल अशीही आशा होती, पण ती चव युरोपला रुचली नाही. मग माळ्यांनी वाफेच्या वाफे बियांनी भरले, उगवलेल्यांतून एखादेच झाड राखून बाकीची निष्ठुरपणे उपटली, आणि पाकळ्यांचा एकेरी पेला दाट गेंद बनला. १८४० च्या दशकापर्यंत वाणांची संख्या हजारांत मोजली जाऊ लागली. १८७२ साली मेक्सिकोहून हॉलंडला गेलेल्या पेटीतील एकच कंद जगला, त्याला टोकदार, वळलेल्या पाकळ्यांची लालभडक फुले आली, आणि मेक्सिकोचा अध्यक्ष हुआरेझ याचे नाव धारण केलेल्या त्या झाडाचा इतर वाणांशी संकर होऊन निघालेल्या बियांतून ‘कॅक्टस’ डेलियांचे सारे कुळ विस्तारले.

या विलक्षण वैविध्याचे कारण असे की बागेतील डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे एकंदर ६४ गुणसूत्रे असतात. पूर्वजांचे गुण इतक्या परींनी त्यांत मिसळलेले असतात की एकाच फुलाच्या बियांतून निघालेली भावंडे परस्परांशी क्वचितच जुळतात, आणि मातेचे हुबेहूब रूप तर बीजाकडून मागूच नये.

आपल्याकडे झेंडू आणि निशिगंध या मेक्सिकोच्याच फुलांना देवघरापर्यंत मान मिळाला, डेलिया मात्र हिवाळ्यातील हौशी बागवानांच्या कुंडीत राहिला. तरी घराच्या परसात बियांपासून तो वाढविण्यात जो आनंद आहे तो विकतच्या कंदाने मिळत नाही. पावसाचा जोर ओसरल्यावर पन्हेरीत टाकलेले बी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत उगवते, रोपांना चार-सहा पाने फुटली की ती हलवावी, शेंडा खुडावा, पाणी साचू देऊ नये. त्याच हंगामात फुले येतात. बहुतेक एकेरी निघतील, मधमाशांना तीच अधिक प्रिय, म्हणून त्यांना हलके लेखू नये. ज्या झाडाचा रंग मनात भरेल त्याला फुले असतानाच दोरा बांधून खूण करावी, कारण पाने वाळल्यावर सारी झाडे एकसारखीच दिसतात. आणि त्याचे कंद देठाच्या बुंध्यासकट उकरून कोरड्या वाळूत ठेवावे, कारण नवा डोळा त्या बुंध्यापाशीच फुटतो.