कच्चा खर्डा, पक्की प्रत

कवितेचा पहिला खर्डा मी पाठकोऱ्या कागदावर करतो. समासात माझं माझ्याशीच भांडण चाललेलं असतं: हा शब्द लंगडतोय, इथे वजन जातंय. संपादकाकडे जाणाऱ्या पक्क्या प्रतीचा समास मात्र कोरा. प्रोग्राम लिहिणारेही अशा दोन प्रती काढतात, हे मला पन्नाशीत कळलं.

29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर बघता बघता आमचे अर्ज कागदावरून पडद्यावर गेले. शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्जही तसाच. शेवटचा दिवस होता. बटण दाबलं आणि पडदा पिवळा झाला. वर लाल अक्षरं, खाली इंग्रजी ओळींची रांग. मी फोटो काढून पुण्यातल्या भाच्याला पाठवला. तो प्रोग्रामर आहे. आधी हसला, मग म्हणाला, ‘‘मामू, यांनी कच्ची प्रतच लोकांपुढे ठेवलीय.’’

कच्चीला ‘डीबग’ म्हणतात, पक्कीला ‘रिलीज’. ‘बग’ म्हणजे किडा. 1947 साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. चालकांनी तो नोंदवहीत चिकटवला. ते पान स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. शब्द मात्र त्याहून जुना, एडिसनच्या 1878 च्या पत्रातला.

दोन प्रती कशाला? माणसानं लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर व्हावं लागतं. 1957 मध्ये आयबीएमच्या ‘फोरट्रान’चा भाषांतरकार आला. वेग वाढावा म्हणून तो हिशेबाची मांडणीच बदलायचा. मग चूक मुळातल्या कोणत्या ओळीत आहे, हे शोधणं अवघड. म्हणून चूक शोधायला ओळीस ओळ असं संथ भाषांतर, आणि लोकांना द्यायला वेगवान. वेबसाइटच्या पक्क्या प्रतीत तर मोकळ्या जागा, टिपा काढून टाकतात, लांबलचक नावांची एकेक अक्षरं करतात. धडगावच्या अशक्त नेटवर्कवर त्यानं खरंच फरक पडतो.

पण पक्की करताना पुष्कळदा तपासण्याही काढून टाकतात. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1973 मध्ये याची तुलना अशा माणसाशी केली होती, जो जमिनीवर सराव करताना जीवरक्षक जाकीट घालतो आणि समुद्रात निघताना ते उतरवून ठेवतो. आमच्या नर्मदाकाठच्या नावाड्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

उलट चूकही होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘एएसपी डॉट नेट’मध्ये (हे 2002 मध्ये आलं) डीबग चालू की बंद, हे एका फाइलीतल्या एका शब्दावर ठरतं. चालू राहिलं, तर साइट मंदावते, जास्त स्मृती खाते, रेंगाळलेलं पान वेळ संपली तरी थांबवलं जात नाही. लोक तो शब्द बदलायला इतके विसरत, की 2006 मध्ये कंपनीच्या स्कॉट गथ्री यांना जाहीरपणे लिहावं लागलं: बाबांनो, चालत्या साइटवर हे ठेवू नका.

आमच्या पिवळ्या पडद्यावर ओळीचा क्रमांक होता, फोल्डरांची नावं होती. चोराला घराचा नकाशाच. पण त्यातच लिहिलं होतं की तारीख ओळखता येत नाही. मुलीचा जन्म 23 एप्रिलचा. भाचा म्हणाला, ‘‘बनवणाऱ्याच्या संगणकावर तारखा भारतीय पद्धतीच्या असणार, सर्व्हर अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचतोय. तेवीसावा महिना कुठून आणणार तो? महिना आधी टाका.’’ टाकला. अर्ज गेला.

पुढच्या वर्षी साइट पक्की झाली होती. नेटकॅफेत धडगावकडचा एक मुलगा सकाळपासून बसला होता. दरवेळी एकच ओळ: ‘क्षमस्व, तांत्रिक अडचण आली आहे.’ फोटो भाच्याकडे गेला. तो म्हणाला, ‘‘मामू, यात वाचण्यासारखं काहीच नाही. बारकावे त्यांच्या सर्व्हरच्या नोंदवहीत असतील. या ओळीखाली निदान तक्रारीचा क्रमांक आणि एक फोन नंबर द्यायला हवा होता, म्हणजे त्यांना नेमकी नोंद सापडली असती.’’

मी हे त्या मुलाला सांगितलं. त्यानं विचारलं, ‘‘चाचा, मी भरलंय त्यात चूक आहे का?’’ पडद्यावर त्याचं उत्तर नव्हतं. पाच वाजता त्यानं कागद पिशवीत भरले आणि एसटी स्टँडकडे निघाला.