तारा तुटण्याआधी

२ जून २०२०. उद्या निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकणार होतं. मी पुण्यात, आत्या श्रीवर्धनला. रात्री तिचा फोन आला, "आम्हाला शाळेत हलवतायत रे, तू काळजी करू नकोस." कुठल्या शाळेत, ते मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन लागेना. झोप येईना, म्हणून जुन्या वादळांबद्दल वाचत बसलो. त्यात सापडलं गॅल्व्हेस्टन.

अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यालगतचं हे बेट. १९०० साली वस्ती सुमारे ३८ हजार आणि सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम ९ फूट. तिथल्या हवामान कचेरीचा प्रमुख होता आयझॅक क्लाइन. १८९१ मध्ये त्यानेच पेपरात लिहिलं होतं, की वादळ या गावाचं फार काही बिघडवू शकत नाही. समुद्राला भिंत काही बांधली गेली नाही.

१९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्युबा ओलांडून पुढे सरकलं. हवानाचे जाणकार म्हणत होते, ते मेक्सिकोच्या आखातात शिरतंय. वॉशिंग्टनचं म्हणणं, छे, ते फ्लोरिडाकडे वळणार. आणि कहर म्हणजे, क्युबाचे हवामान अंदाज तारेने पाठवायला अमेरिकेने नेमकी तेव्हाच बंदी घातली होती!

८ सप्टेंबरला पाणी गावात शिरलं. क्लाइनच्या भावाने, जोसेफने, दुपारी कसाबसा ह्यूस्टनला फोन लावला आणि कळवलं, निम्मं गाव पाण्याखाली आहे. मग तारा तुटल्या. पूल गेले. संध्याकाळी समुद्र सुमारे १५ फूट चढला. क्लाइनच्या घरात पन्नासेक माणसं आसऱ्याला होती. ते घर कोसळलं. तो, भाऊ आणि तिन्ही मुली वाचल्या. गरोदर बायको, कोरा, गेली. त्या वादळात किमान ६ हजार माणसं मेली.

बाहेरगावच्या नातलगांना यातलं काहीच माहीत नव्हतं. काही जण बोटीने खाडी ओलांडून ह्यूस्टनला पोचले, तेव्हा कुठे जगाला खबर लागली. भिंत नंतर बांधली, गावाचा बराचसा भाग भराव घालून उंच केला. पण नंतर.

आमच्याकडे सावधगिरीचा इशारा वेळेत पोचला होता, हा मोठा फरक. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी नंबरवरून आत्या बोलली, "सुपारीची वाडी आडवी झाली बघ. पण आम्ही सगळी आहोत." मी नुसता रडलो.

तेव्हापासून मला एक कळलंय. वादळात टॉवर आधी पडतो. त्यामुळे आपल्या माणसांना 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवू नका. कुठे जाणार, सोबत कोण, शेजाऱ्यांचा नंबर काय, हे सगळं रेंज आहे तोवर विचारून घ्या.