गबाळा : गाठोड्यातून निघालेले विशेषण

१/ विटक्या, अव्यवस्थित गोष्टीला इंग्रजी बोलीत ‘टॅटी’ म्हणतात. त्या शब्दाचे नाते चिंधीशी जोडले जाते. मराठीत त्याच्या जवळचे विशेषण ‘गबाळा’. त्याचे नाते मात्र सामानाशी आहे.

२/ ‘गबाळे’ म्हणजे किरकोळ सामानसुमान आणि ‘चंबू’ म्हणजे अरुंद तोंडाचे पाण्याचे भांडे. म्हणूनच ‘चंबूगबाळे आवरणे’ म्हणजे मुक्काम हलवणे.

३/ हे चित्र जुन्या पनवेलला चपखल बसते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागण्यापूर्वी मुंबईचे अनेक प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याने पुण्याकडे निघत. अशा वाटेवर गाठोडे विस्कटणारच.

४/ पुढे सामानाचा विस्कळीतपणा माणसाला चिकटला. तरीही ‘फाटका’ आणि ‘गबाळा’ यांत भेद आहे. ‘फाटका’ ऐपत सांगतो, ‘गबाळा’ टापटिपीचा अभाव. श्रीमंतही गबाळा असू शकतो, गरीबही नीटनेटका.

५/ या दोहोंची गल्लत झाली, की दारिद्र्याला आळसाचे दूषण लागते. जुन्या कागदांत कोणी कोणाला ‘गबाळा’ म्हटलेले आढळले, तर आधी म्हणणारा कोण, हे पाहावे.